आडवा उघडणारा फाळका

प्रिय धाकटे,

आधी नीट बस. पाठीमागे ती गोल उशी घे, पाय जमिनीला टेकव आणि मगच पुढे वाच, कारण बातमी उभ्याने वाचण्यासारखी नाही. आपण गाडी घेतली! नवी कोरी पिकअप, गर्द हिरवी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा मी अजून कोणाला काढू दिलेलं नाही. 'आपण' म्हणाले, वाचलंस ना? मुद्दाम म्हणाले. भाऊजींना, म्हणजे तुझ्या नवरोबांना, मी शपथ घालून ठेवली होती की रविवारी तुला भेटायला लेकीकडे आले तरी याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही त्याने अख्खी पिकअप पोटात ठेवली, याचं मला अजून नवल वाटतंय. एरवी ते छापखान्यातून थेट आमच्याकडे जेवायला येतात आणि दर घासाला तुझी आठवण काढतात. प्रेमाने काढतात की माझ्या स्वयंपाकाला कंटाळून, ते तूच विचार.

फोन न करता पत्र का, तेही सांगते. फोनवर मी रोपवाटिकेचं नाव काढलं रे काढलं की तुझं दूध उतू जातं. नाहीतर दाराची बेल वाजते. नाहीतर लेक हाक मारते. तिकडे गेल्यापासून आठ महिन्यांत तुझं जेवढं दूध उतू गेलंय तेवढ्यात एखादी डेअरी चालली असती. पत्राला मात्र 'एक मिनिट हं' म्हणून बाजूला ठेवता येत नाही, निदान तुला तरी. तू पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नाहीस. आणि गेल्या खेपेला भाऊजींबरोबर तू जो निरोप धाडलास तो मला मुळीच पटलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. पाठीचं ऑपरेशन झालं, आता माझ्याने काही व्हायचं नाही, जाऊबाईंनी जोडीला दुसरी कोणी बघावी, मला पाटीवरून काढावं, मी उगाच ओझं कशाला होऊ, असं म्हणालीस म्हणे. अगं, पाटीवर तुझं नाव आहे कुठे काढायला? 'दोघी जावांची रोपवाटिका' एवढंच लिहिलंय. त्यातली एक जाऊ काढली तर उरलेली कोणाची जाऊ होणार? तू परत कामाला येणार की नाही, एवढाच प्रश्न आहे. उत्तर 'हो' यावं म्हणून मी हा कागद काळा करतेय, लपवाछपवी कशाला?

तर आपली म्हातारी गेली. गाडी म्हणतेय मी, दचकू नकोस. इंजिन अजून धडधाकट होतं, पण मागचा फाळका पार कामातून गेला होता. डाव्या बाजूची साखळी तुटलेली, म्हणून सुतळीने बांधलेला. कडी निघायची नाही, म्हणून खालून गुडघा मारायचा. आणि एकदा सुटला की असा धाडकन पडायचा की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागायची. बिजागरीच्या फटीत इतकी माती साचायची की एकदा तिथे आपोआप टोमॅटोचं रोप उगवलं होतं आणि तू ते मला उपटू दिलं नव्हतंस. त्याच फाळक्याने तुझी पाठ खाल्ली. पडला की हातभर बाहेर यायचा, आणि त्याच्यावरून ओणवं होऊन, हात लांब करून आतल्या कुंड्या ओढायच्या. मी स्टिअरिंगवर आणि तू मागे, अशी आपली वाटणी. त्या दिवशी लिंबाची मोठी कुंडी ओढताना तू जी किंचाळलीस ती मला इंजिन चालू असताना पुढे ऐकू आली. तेव्हापासून त्या फाळक्याकडे बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. गेल्या महिन्यात दुसरीही साखळी तुटली आणि महाराज भर रस्त्यात गळून पडले. बरं झालं. मडगार्डही चेपला होताच, आपल्या फाटकाच्या डाव्या खांबाने दोनदा घासला. तो खांब मेला पुढे पुढे कसा सरकतोय कुणास ठाऊक.

मी ठरवलं, यावेळी गाडी पुढून बघायचीच नाही, मागून बघायची. शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. मी, भाऊजी आणि लिंबाची कुंडी. हो, तीच कुंडी, तेच झाड. ढकलगाडीवरून ती आत नेली, सोबत एक लहान, एक मधली कुंडी आणि एक फळी, तेव्हा गळ्यात टाय बांधलेला एक गृहस्थ धावत आला. त्याला वाटलं, आम्ही शोभेची झाडं पोचवायला आलोय. मी म्हटलं, झाड विकायला नाही, गाडी पारखायला आणलंय. बिचाऱ्याने इंजिनची ताकद, टाकीचं माप, सगळं घडाघडा म्हणायला सुरुवात केली. मी म्हटलं, इंजिन पळतं यावर माझा विश्वास आहे, तुम्ही फाळका दाखवा. तर काय सांगू, त्या माणसाचा चेहरा असा खुलला! म्हणाला, बाई, लोक पुढची जाळी आणि चाकं बघून गाडी घेतात, आणि कंपन्यांची खरी चुरस आता मागच्या फाळक्यावर चाललीय. मग त्याने कोटाच्या बाह्या वर केल्या आणि आम्हाला एकेका गाडीच्या मागे नेलं. आपण म्हातारीला गुडघे मारत बसलो तोवर जग कुठल्या कुठे गेलंय, धाकटे!

पहिल्या गाडीचा फाळका किल्लीवरच्या बटणाने उघडतो. बटण दाबलं की आधी टुकटुक वाजतं आणि मग तो सावकाश खाली येतो, झोपलेलं बाळ अंथरुणावर ठेवावं इतका अलगद. मी टायवाल्याला घाम फुटेपर्यंत उघडझाप केली. मध्येच भाऊजींनी खाली हात धरून बघितला, तर तो हाताला लागताच थांबला, शहाण्यासारखा! दुसऱ्या गाडीला तर बटणही नको. हात भरलेले असले की बंपरखाली नुसता पाय हलवायचा. मी पाय हलवला, काही नाही. जोरात हलवला, काही नाही. भाऊजींनी एक सणसणीत लाथ झाडली, तरी ढिम्म. मग टायवाला ओशाळून म्हणाला की किल्ली जवळ असावी लागते. किल्ली त्याच्या खिशात, तो पलीकडे उभा, आणि इकडे आम्ही दोघं पिकअपच्या मागे नाचतोय! आजूबाजूचं गिऱ्हाईक आमच्याकडेच बघत होतं.

तिसरीचा फाळका पाडला की आतून टेबलासारखा सपाट. कडेने मोजपट्टीच्या खुणा कोरलेल्या, शिकंजा लावायला खाचा, आणि बाजूला चक्क विजेचा प्लग. म्हणजे गिऱ्हाइकाच्या दारात उकिडवं बसून कुंडी बदलणं बंद. मुळं छाट, आधाराची काठी बांध, सगळं कमरेच्या उंचीवर, उभ्याने. आणखी एकीच्या फाळक्यातून एक छोटी झडप खाली दुमडते आणि तिची पायरी होते, शिवाय चढताना धरायला आतून एक दांडा वर येतो. मी त्या पायरीवरून चढले, उतरले, पुन्हा चढले. आपण दोघी चाकावर पाय ठेवून आणि एकमेकींना ढकलून चढायचो, ते आठवून मला तिथेच हसू फुटलं. आडवी टाकलेली झाडं मागे घसरू नयेत म्हणून त्याच फाळक्याच्या काठावर एक पट्टी उभी राहते. वर कॅमेरा आहे, तो पुढच्या पडद्यावर मागची झाडं दाखवतो. खिडकीतून मुंडकं काढून 'अजून आहेत, अजून आहेत!' असं ओरडायची गरज नाही.

एवढं सगळं गोड गोड झाल्यावर मी पिशवीतली ओली माती काढली आणि एकेका फाळक्याच्या बिजागरीत ओंजळभर दाबून भरली. टायवाला पांढराफटक पडला. पण मी म्हटलं, अहो, आमची गाडी रोज हेच खाणार आहे, तुमच्या चकचकीत फरशीवर थोडीच उभी राहणार आहे? पहिली बटणवाली माती लागताच कण्हायला लागली. पायवालीने तर अर्ध्यातच अंग टाकलं. पायरीवाली तेवढी पास झाली, कारण तिच्या फटीवर रबराची जाड पट्टी आहे, माती आत जातच नाही. नंतर तिथला झाडूवाला आला तेव्हा मी त्याला एक गुलाबाचं रोप देऊ केलं. त्याने मोगरा मागितला.

पण खरी गंमत याच गाडीची पुढे आहे. तिच्या फाळक्याला दुसरी एक कडी आहे. ती ओढली की फाळका खाली पडतच नाही, कपाटाच्या दारासारखा बाजूला उघडतो. आडवा, धाकटे, आडवा! समोर काहीच उरत नाही, थेट गाडीच्या पोटाशी जाऊन उभं राहायचं. मी शोरूमच्या पोरांकडून आपल्या कुंड्या आत चढवून घेतल्या आणि भाऊजींना पुढे ढकललं. तुम्ही नवराबायको उंचीला अगदी सारखी, म्हणून त्यांना तुझ्या जागी उभं केलं. वाकू नका, हात लांब करू नका, कोपरं अंगाशी ठेवा, असं मी मागून ओरडत होते आणि ते एकेक कुंडी छातीशी धरून उतरवत होते. लहान उतरवली, मधली उतरवली. मोठी लिंबाची आम्ही फळीवरून ढकलगाडीवर घसरवली, तर तीही बसल्या जागी आली. टायवाल्याने काळजीने विचारलं की साहेबांच्या पाठीचं ऑपरेशन झालंय का. भाऊजी म्हणाले, माझ्या नाही, बायकोच्या. एवढं बोलून ते लिंबाच्या झाडाआड तोंड करून उभे राहिले. मीही मग गाडीच्या चाकाकडे बघत बसले. गाडी तिथेच ठरली.

हे सगळं मी मनाचे मांडे खात केलेलं नाही हं. तुला व्यायाम शिकवणाऱ्या बाईंचा नंबर भाऊजींकडून घेतला आणि त्यांना आधीच फोन केला होता. रागावू नकोस, तू विचारणार नाहीस हे ठाऊक होतं म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, वजनापेक्षा अंतर वाईट. वाकून, लांबून ओढायचं नाही, जन्मात नाही. पण हलकं सामान अंगाशी धरून उचलायला हरकत नाही, उलट नुसतं बसून राहिलीस तर पाठ अधिक आखडेल. तूही हे ऐकलेलं आहेस म्हणे. मला कधी सांगितलं नाहीस, लबाड.

गाडी घरी मीच चालवत आणली. पाण्यावरून होडी जावी तशी आली. वाटेत एक सायकलवाला डावीकडून अंगावर ओरडून गेला, कुठून उगवला देव जाणे, मी त्याला मनातल्या मनात दोन ठेवून दिल्या. दारात अख्खी गल्ली जमली होती. आपल्याकडे गाडी आली की आधी मागे ट्रॉली जोडायचा हुक, मग चहा, हा नेम. मी हातपाय धुवायला आत गेले तेवढ्यात आमच्या ह्यांनी नेमाप्रमाणे म्हातारीचा हुक काढून नवीला लावला. लावला कसला, कौतुकाने लालभडक रंगवून ठेवला होता आदल्या दिवशीच. मी बाहेर आले, जादूगारासारखी मागे उभी राहिले, फाळका पाडला, सगळ्यांना म्हटलं, आता बघा हं पायरी! आणि झडप सोडली. ती खाली आली आणि त्या हुकावर ठण्णकन आदळली. वाटीएवढा पोचा! पहिल्याच दिवशी! हुक लावून ती झडप सोडायची नाही, हे टायवाल्याने मला बजावून बजावून सांगितलं होतं. मी ह्यांच्यावर अशी तुटून पडले की काही विचारू नकोस. मला न सांगता हुक लावलाच कसा, म्हणून चारचौघांत वाट्टेल ते बोलले. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, अगं, लाल आहे तो, आणि तुझ्या गुडघ्याला लागून होता.

खरंच होता गुडघ्याला लागून. मला दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी ह्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तिथे एका यंत्रात हनुवटी ठेवून बसायचं, आणि ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी आपली मोठ्या उत्साहाने बटणं दाबत होते, वाटलं, पैकीच्या पैकी मिळणार. काचबिंदू निघाला. दोन्ही डोळ्यांत, डावा जास्त. समोरचं मला अजून लख्ख दिसतं, सुईत दोरा ओवते, हे पत्रही चष्म्याशिवाय लिहितेय. पण खालचं आणि कडेचं गेलंय, आणि गेलं ते परत येत नाही. आहे ते राखायला थेंब दिलेत, ते राखलं जाईल असं त्या ठाम म्हणाल्या. घाबरण्यासारखं काही नाही. फक्त गाडी चालवायची नाही. मी भांडून बघितलं. थोडी चालवू का, जवळच्या जवळ, ओळखीच्या रस्त्याने? त्यांनी सायकलवाल्याबद्दल विचारलं, खांबाबद्दल विचारलं. ह्यांनी सगळं सांगून ठेवलं होतं. तो खांब जागचा हलला नव्हता गं.

घरी आले आणि नव्या गाडीच्या पायरीवर बसून मी रडले. पोटभर रडले, धाकटे, सांगायला लाज कसली. ड्रायव्हर बाई म्हणून सारं गाव मला ओळखतं, आणि हातात किल्ली आली तीच माझी नव्हे. मग जरा वेळाने लक्षात आलं की ती पायरी बसायलाही फार सोयीची आहे, टेकायला मागे फाळका, पाय सरळ जमिनीवर. हे त्या टायवाल्याने सांगितलंच नव्हतं! डोळे पुसले आणि पोचा ठोकायला मिस्त्रीला बोलावलं. त्याने आतून दोन ठोके मारून बराचसा बसवला. रंगाचा टवका तेवढा उडालाय.

आपल्या दोघींच्या नवऱ्यांना स्टिअरिंग धरता येत नाही, म्हणून त्यानंतर मी एक भाड्याचा ड्रायव्हर ठेवून पाहिला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वाटायचं मागे विटा भरल्यात. असा हाकायचा की पोचेपर्यंत बोगनवेलीवर पान राहायचं नाही. आणि फाळक्याकडे ढुंकून बघायचा नाही गं! मी आडवा उघडून दाखवला तर म्हणाला, बरं मग? त्याच दिवशी त्याला राम राम केला. तेव्हापासून गाडी दारात उभी आहे. मी रोज मागून पुसते, फाळका एकदा खाली, एकदा आडवा उघडते, बिजागरीला तेल घालते, आणि बंद करते. तयार झालेली रोपं वाफ्यात वाढत चाललीत. गिऱ्हाइकांना मी सांगतेय की पुढच्या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात.

आता शेवटचं आणि खरं. हे पत्र मी आधी एकदा लिहिलं होतं, थोरलेपणाच्या तोऱ्यात. बघ, तुझ्या पाठीसाठी केवढी खटपट केली, आता नखरे सोड आणि गुमान ये, असा त्याचा सूर होता. डोळ्यांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. वाचलं आणि फाडून टाकलं. कारण गाडी घेतली तेव्हा अडचण तुझी होती, आता माझी आहे, आणि अडलेल्या माणसाने उपकार केल्याच्या थाटात बोलू नये. मला गाडी चालवायला माणूस हवंय, धाकटे, आणि ते माणूस तू. तुला चालवता येते, मीच शिकवलीय, आणि गोगलगाईसारखी चालवतेस म्हणून मीच चिडवलंय. तशीच चालव, बाई, त्याहून हळू चालव. व्यायामाच्या बाई म्हणाल्या, थोडा वेळ चालवायची, उतरून चार पावलं फिरायचं, पुन्हा बसायचं. मोठं सामान मी उतरवीन, माझी पाठ अजून शाबूत आहे. समोरचं मी बघेन, बाजूचं तू बघ. दया येऊन बोलावत नाहीये, आणि तूही दया येऊन येऊ नकोस. मी आयुष्यात कोणाला विनवलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही, त्यामुळे हे कसं लिहितात ते मला नीट माहीत नाही. मला तुझ्याशिवाय जमत नाही गं. ये ना.

तुझीच,
थोरली